गरम पाण्याच्या गावात हॅमर लावण्याआधी: कोल्हापूरच्या बोअर गाडीवाल्यांना खुले पत्र

कोल्हापूर आणि आसपासच्या सर्व बोअर गाडीमालकांना, ऑपरेटरांना आणि एजंटांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी तुमच्याच धंद्यातला. १९८९ साली हेल्पर म्हणून रॉड उचलायला लागलो, पुढं स्वतःची गाडी घेतली आणि २०१४ मध्ये गुडघे बोलायला लागले तेव्हा ती विकली. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, राधानगरी आणि घाट उतरून राजापूर, लांजा, संगमेश्वर, एवढ्या मुलखात मारलेले बोअर मोजायचे म्हटले तर माझ्या अकरा डायऱ्या काढाव्या लागतील. तेव्हा बाहेरचा कुणी शहाणपणा शिकवतोय असं समजू नका.

गेल्या उन्हाळ्यात शिवाजी उद्यमनगरात चहाच्या टपरीवर तुमच्यातल्याच एका तरुण गाडीवाल्यानं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कोकणात, एका रिसॉर्टच्या जागेत गाडी लागलेली. दीडशे फुटांच्या आसपास हॅमर (हवेच्या दाबावर दगड फोडणारं अवजार) गेला आणि बोअरच्या तोंडातून वाफाळता फेस उसळला. एक पोरगा हात पुढं करतो, चटका बसल्यावर मागं घेतो आणि हसतो. मागनं आवाज येतो, “नाद खुळा! गिझर लागला की!” मी विचारलं, गावातलं कुंड तिथनं किती लांब? तो म्हणाला, “असंल दोन शेतं सोडून. पार्टीला तेच पायजे होतं, काका. खोलीत गरम पाणी फुकट.” मी चहा संपवला आणि गप्प उठलो. बोलायला लागलो असतो तर तास गेला असता, आणि त्याची गाडी गारगोटीला निघाली होती. तो तास आता इथं घेतो.

आधी माझं पाप सांगतो.

१९९८ चा फेब्रुवारी. पन्हाळ्याच्या उतारावरचं एक गाव, नाव सांगत नाही. गावाच्या खालच्या अंगाला दगडी तोंडाचा झरा होता, तीन हंडे शेजारी शेजारी बसतील एवढी कुंडी आणि बारमाही पाणी. वरच्या बाजूला, झऱ्यापासून चारशे फुटांवर, एका बागायतदाराचा बोअर होता. पाणाड्यानं नारळ फिरवून खूण केलेली, तिथंच मी गाडी लावली. वरचा मुरूम संपला, मांजऱ्या (भोकाभोकांचा दगड) लागला, मग काळा कठीण. एकशे चाळीस फुटांवर रॉड वीतभर खाली धसकला. तुम्हाला माहीत आहे त्या वेळी काय होतं ते. वर येणारी धूळ एकदम बंद. कंप्रेसर गुरगुरतोय, पण हवा वर येईना, कुठं जातेय कळेना. ऑपरेटर म्हणाला, गॅप लागला, म्हणजे दगडात पोकळी. पाचेक मिनिटांत खालनं एक पोरगा धावत आला, “झऱ्याला उकळी फुटलीया!”

आम्ही बघायला गेलो. कुंडीत खरोखर बुडबुडे येत होते, भाताला उकळी यावी तसे. माझ्या कंप्रेसरची हवा चारशे फूट लांबच्या झऱ्यातून निघत होती. मग पाणी लालसर गढूळ झालं, संध्याकाळी निवळलं. बोअरला अडीच इंची पाणी लागलं, मालकानं पेढे वाटले, आम्ही पैसे घेऊन पुढच्या गावाला गेलो. शिमग्यापर्यंत झरा आटला. पावसाळ्यात पुन्हा थोडा वाहिला आणि दिवाळीनंतर पुन्हा कोरडा. दोन वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा एक म्हातारी मला ओळखून म्हणाली, “तू पाणी आणलंस व्हय? खालचं वर नेलंस.” त्या दिवशी मी तिला पावसाचं, दुष्काळाचं काहीबाही सांगितलं. खोटं होतं ते.

झऱ्यातले ते बुडबुडे बघून माझ्या डोक्यात जे शिरलं ते पुढं भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी मला चार-पाच बैठकांत नीट उलगडून दिलं. तेच माझ्या भाषेत मांडतो.

आपला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, पाणी धरत नाही, हे कुठल्याही गाडीवाल्याला सांगायला नको. अखंड बसाल्टमधून दोनशे फूट जा, धूळच येते. पाणी असतं ते दगडाच्या चुकांमध्ये. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला. दोहोंच्या सांध्यात आपल्याला कधी लाल गेरूसारखा पट्टा लागतो, कधी बुडबुड्यांनी भोकं पडलेला मांजऱ्या. थर थंड होताना आकसला म्हणून उभ्या भेगा पडल्या. पुढं जमीन हलली, वाकली, सरकली, तेव्हा मोठ्या चिरा गेल्या, काही मैलोन्‌मैल लांब. आडवे सांधे आणि उभ्या चिरा जिथं एकमेकांना मिळतात तिथं आपला बोअर यशस्वी होतो, आणि तिथंच निसर्गाचा झरा फुटतो. आपण आणि झरा एकाच गिऱ्हाइकाच्या मागं आहोत म्हणा ना.

आता त्या चिरेचा एक हिशेब बघा. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा रात्री झोप लागली नाही. एखाद्या फटीची रुंदी दुप्पट झाली तर तीतून जाणारं पाणी दुप्पट होत नाही, आठपट होतं. उलटं पण तसंच. फट निम्म्यावर आली की पाणी आठव्या हिश्शावर. शास्त्रात याला घन नियम म्हणतात. म्हणून एका बोअरला अर्धा इंच आणि दहा फुटांवरच्या दुसऱ्याला चार इंच पाणी लागतं, आणि आपण दैवाला किंवा पाणाड्याला श्रेय देतो. आणि म्हणूनच झऱ्याच्या फटीत थोडी माती, थोडं सिमेंट, थोडा हॅमरचा चुरा गेला तरी झऱ्याचा जीव जातो. थोडंसंच बुजलं असं म्हणायची सोय त्यात नाही.

हे झालं थंड पाण्याचं. गरम पाण्याची गोष्ट याच फटीची आहे, फक्त ती फार खोलवर जाते.

कोकणात गरम पाण्याच्या कुंडांची रांगच आहे. वर पालघर-ठाण्याकडं गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, मग रायगडात पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सावित्रीकाठी सव, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी आणि आपल्या अणुस्कुरा घाटाखाली राजापूरचं उन्हाळे. नावं पुन्हा एकदा वाचा. उन्हाळे, उन्हेरे, उन्हवरे. ऊन म्हणजे गरम. आई ताटात ऊन ऊन भात वाढायची तोच हा ऊन. त्या गावांनी नावातच खूण ठेवली आहे आणि आपण गाडी लावताना ती वाचत नाही.

नकाशावर ही ठिकाणं टाकली तर सह्याद्रीच्या पायथ्याला धरून साधारण उत्तर-दक्षिण अशी ओळ दिसते. पश्चिम किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खोल चिरांचा हा पट्टा आहे. त्या चिरेला आडवी जाणारी दुसरी चीर जिथं छेदते आणि जिथं नदीनं जमीन खोल कापली आहे तिथं पाणी वर येतं. नदीकाठीच कुंडं का, याचं उत्तर बरंचसं यात आहे. नदीनं वाट काढली ती मुळात दगड फुटला होता तिथून, आणि खालून दाबानं येणाऱ्या पाण्याला नदीचं पात्र ही सगळ्यात खालची खिडकी मिळाली.

लोक म्हणतात, खाली ज्वालामुखी आहे. नाही. आपल्या पायाखालचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे, त्याची ऊब केव्हाच विझली. दुसरे म्हणतात, गंधक पेटतो. तेही नाही. कुजक्या अंड्यासारखा जो वास कुठंकुठं येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो नाकाला इतका झोंबतो की पाण्यात नाममात्र असला तरी आंघोळ करणाऱ्याला वाटतं, सगळा गंधकच. पाणी तापतं ते साध्या कारणानं. पृथ्वीच्या पोटात जितकं खोल जावं तितकं गरम. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. कोकण किनाऱ्याच्या पट्ट्यात उष्णता त्याहून थोडी जास्त वर येते.

आता आपल्या फुटांत बघू. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर. तेवढ्या खोलीवर नेहमीच्या हिशेबानं पाणी जेमतेम दोन-तीन अंशांनी गरम असायला हवं. त्या व्हिडिओत दीडशे फुटांवर हात भाजला! म्हणजे ते पाणी दीडशे फुटांवरचं नव्हतंच. ते एक-दोन किलोमीटर, कदाचित त्याहूनही खोल जाऊन आलेलं पाणी होतं. कुंडाकडं निघालेल्या पाण्याची वाट हॅमरच्या बिटनं मधेच फोडली.

पाणी आलं कुठून? ढगातून. घाटमाथ्याला पाऊस किती, हे गगनबावड्याच्या माणसाला विचारा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. त्यातलं बहुतेक ओढ्यानाल्यांनी वाहून जातं, पण काही थेंब उभ्या चिरांतून खाली उतरत राहतात. वर्षानुवर्षं. खाली तापतात, हलके होतात, आणि डोंगरातल्या उंच पाण्याचा दाब मागून ढकलतोच. मग मोठी, मोकळी चीर सापडली की झपाट्यानं वर. हा झपाटा महत्त्वाचा. बारीक फटींतून रेंगाळत वर येणारं पाणी वाटेत दगडाला ऊब देऊन थंड होतं आणि साध्या झऱ्यासारखं निघतं. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, तुरळचं साठीत, राजापूरच्या उन्हाळ्याचं चाळिशीत. हा फरक नुसता खोलीचा समजू नका. वाटेत किती वेळ गेला आणि वरचं थंड पाणी किती मिसळलं, हेही त्यात आहे.

काळा पाषाण संपतो कुठं, हेही सांगतो, कारण बोअरवाल्याला याचं कौतुक वाटणारच. कोयनेचा भूकंप समजून घेण्यासाठी पाटण तालुक्यात गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. ९,८०० फूट! आपले रॉड मांडले तर गाव पुरणार नाही. तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास बसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. कोकणातल्या कुंडांचं पाणी अशाच खालच्या जुन्या दगडापर्यंत जाऊन येत असावं, याचा पुरावा पाण्यातच सापडतो.

बुडबुड्यांपासून सुरू करतो, कारण माझी गोष्ट तिथून सुरू झाली. गरम कुंडातही बुडबुडे येतात. भाविक म्हणतात, पाणी उकळतंय. पण ६० अंशांना पाणी उकळत नाही. तो वायू मुख्यतः नायट्रोजन, म्हणजे पावसाबरोबर जमिनीत उतरलेली हवाच. ऑक्सिजन वाटेत दगडानं खाल्ला, नायट्रोजन उरला. त्याच्यासोबत थोडा हेलियम सापडतो. हेलियम तयार होतो युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातून, आणि ही मूलद्रव्यं बसाल्टमध्ये अगदी कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. त्यामुळं बुडबुड्यात हेलियम दिसला की चिरेचं मूळ काळ्या पाषाणाच्या खाली गेलं आहे असा अंदाज बांधता येतो. बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतला हेलियम यासाठीच शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजला.

मग पाण्यात काय विरघळलंय ते. आपल्याकडच्या साध्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो त्याचाच. कोकणातल्या बऱ्याच गरम झऱ्यांचं पाणी वेगळं. त्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड जास्त, मॅग्नेशियम फारच कमी. गरम पाणी मॅग्नेशियम धरून ठेवत नाही, वाटेतल्या भिंतींवर चिकणमातीची खनिजं तयार होताना ते तिथंच बसतं. आणि क्लोराइड? काळ्या पाषाणात ते जवळपास नसतंच. काही शास्त्रज्ञ दगडात अडकलेल्या जुन्या समुद्री पाण्याकडं बोट दाखवतात, काही खालच्या ग्रॅनाइटकडं. दोन्हीकडं रस्ता एकच, खोल चीर.

फटीची रुंदी पाण्याची चवसुद्धा ठरवते. एक लिटर पाणी एक मिलिमीटरच्या फटीत पसरलं तर दोन्ही बाजू मिळून त्याला दोन चौरस मीटर दगड लागतो. तेच पाणी केसाएवढ्या, दशांश मिलिमीटरच्या फटीत पसरलं तर वीस चौरस मीटर. एवढ्या मोठ्या भिंतीवरनं हळूहळू सरकताना ते दगड चाटूनपुसून घेतं. रुंद फटीतलं पाणी घाईत निघून जातं, कमी खारं राहतं, पण जास्त ऊन पोचतं. दोन कुंडं शेजारी असून एकाचं पाणी साबणाला फेस देतं आणि दुसऱ्याचं देत नाही, असं का, याचं उत्तर अशा फटींमध्ये शोधावं लागतं.

सिलिकाचं, म्हणजे गारगोटीच्या दगडातल्या द्रव्याचं, सगळ्यात भारी. पाणी जितकं तापेल तितकी जास्त गारगोटी त्यात विरघळते. झपाट्यानं वर आलं की ती लगेच बाहेर पडत नाही, पाण्यातच राहते. म्हणजे वरच्या पाण्यातली सिलिका मोजून खालचं तापमान काढता येतं. कोकणातल्या झऱ्यांवरून ते शंभर अंशांच्या पुढं निघालं आहे. कुंडात हात बुडवून आपण साठ म्हणतो, पाणी मात्र खालची गोष्ट सोबत घेऊन आलेलं असतं. हां, त्यात वरचं थंड पाणी मिसळलं की हिशेब बिघडतो, आणि ते मिसळलंय का हे मॅग्नेशियम चढलं की कळतं.

बोअर इथं काय करतो, ते आता तुम्हीच सांगाल. वरचे पंधरा-वीस फूट केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, आणि खाली उघडा दगड. म्हणजे दीडशे फुटांतल्या सगळ्या फटी आपण एका नळीनं जोडून दिल्या. वरच्या थरातलं थंड पाणी खाली गरम चिरेत पडायला मोकळं, आणि गरम पाणी कुंडापर्यंत जायच्या आत वरच्या मांजऱ्यात पसरायला मोकळं. त्यावर पंप बसला की दाबच बदलला. कुंडात आधी पाणी कमी होत नाही, आधी ते कोमट होतं. गावाला वाटतं, यंदा पाऊस जास्त झाला. चव पालटते. मग बुडबुडे थांबतात. पाणी आटेपर्यंत बोअर कुणी मारला हे लोक विसरून गेलेले असतात. आणि फायदा तरी काय? साठ अंशांच्या पाण्यात साधं पीव्हीसी केसिंग मऊ पडतं, आणि खाऱ्या गरम पाण्यात पंपाचं काय होतं ते पंपवाल्याला विचारा. गिझर फुकट मिळतो तो वर्षभर.

चिरा कायम उघड्या राहतात असंही नाही. आपल्या चुऱ्यात पांढरे चकाकणारे खडे येतात ना, कधी सुईसारखे, कधी काचेच्या तुकड्यासारखे? झिओलाइट, कॅल्साइट, स्फटिक. जुन्या गरम पाण्यानं बुजवलेल्या भेगा आहेत त्या. पाणी थंड होताना विरघळलेलं भिंतीवर सोडतं, फट आकसत जाते, आणि घन नियम आठवा. एखादा भूकंप येतो आणि पुन्हा मोकळी करतो. तेव्हा झऱ्यांचं तब्येतपाणी मुळातच नाजूक. निसर्ग बंद करेल तो त्याच्या हिशेबानं, आपण घाई करायचं कारण नाही.

हे कोकणातच होईल असं नाही, जगात होऊन गेलंय. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ म्हणून गाव आहे. तिथं घरं आणि हॉटेलं उबदार ठेवायला लोकांनी गरम पाण्याचे बोअर मारले, आणि पोहुतू नावाच्या प्रसिद्ध फवाऱ्याजवळचे झरे मंदावायला लागले. १९८६ पासून तिथल्या सरकारनं पोहुतूच्या दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला घेतले. पाण्याची पातळी चढली आणि निजलेले काही झरे पुन्हा जागे झाले. बोअर बंद केल्यावर झरा परत येऊ शकतो, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. मी त्या पन्हाळ्याच्या गावात हे करू शकलो नाही, बोअरचा मालक दुसराच होता आणि ऊस उभा होता.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ आहे. बोअर गाड्यांची नोंदणी त्यात आहे, पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरचं अंतर आहे, ६० मीटरहून खोल विहिरींसाठी वेगळे निर्बंध आहेत. पण ते अंतर पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेलं. आंघोळीच्या गरम कुंडावर तशी पाटी दिसणार नाही. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय. कागद होईल तेव्हा होईल, हॅमर आज तुमच्या हातात आहे.

तर विनंती अशी. घाट उतरून काम घेताना एजंटला पहिला प्रश्न भावाचा असू दे, दुसरा मात्र कुंडाचा विचारा. गावात किंवा शेजारच्या वाडीत ऊन पाणी असेल, तर कुंड कुठल्या बाजूला आहे आणि नदी, ओढा कोणत्या दिशेनं गेलाय ते उभं राहून बघा. कुंडातून जाणारी ओढ्याची सरळ रेघ जिथं आपल्या जागेखालून जातेय असं वाटतं, तिथं काम सोडा. मीटरमध्ये आकडा सांगायला मला कुणी विचारलं तर मी रोटोरुआचाच सांगेन. दूर वाटलं? कोकणात चिरा मैलोन्‌मैल आहेत, त्यामानानं दीड किलोमीटर काहीच नाही.

काम घेतलंच असेल तर गाडीत एक काचेचा थर्मामीटर ठेवा, डॉक्टरचा नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेतला शंभर अंशांचा. पाणी लागलं की बादलीत धरून लगेच बघा. गावातल्या थंड विहिरीचं पाणी आधी मोजलेलं असू दे. त्याहून पाच अंश जास्त लागलं तर हॅमर थांबवा, पुढं जाऊ नका, आणि मालकाला तिथंच सांगा. सोडून दिलेला बोअर नुसतं झाकण लावून ठेवू नका. तळापासून चिकणमाती आणि सिमेंटनं भरून घ्या, नाहीतर ती नळी उघडीच राहते. तुमच्या गाड्यांवर तिरुचेनगोडहून आलेले तमिळ ऑपरेटर आहेत, हात सोन्याचा आहे त्यांचा, पण ‘उन्हाळे’ म्हणजे काय हे त्यांना आपणच सांगायला हवं.

आणि डायरी ठेवा. किती फुटांवर कुठला दगड, रंग कसा, रॉड कुठं धसकला, हवा कुठं गेली, पाणी किती इंची, किती अंश. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्यात आहे, तिथं ही माहिती दिली तर उपयोगी पडते. शास्त्रज्ञ एका झऱ्याला वर्षातून एखाद्या वेळी जातो. आपण रोज दगडाच्या पोटात दोनदा उतरतो. कुठल्या गावाखालून चीर कुठं गेली, याची मोठी वही आपल्या डोक्यात आहे, फक्त ती कुणी लिहून काढलेली नाही. माझ्या अकरा डायऱ्यांत पहिल्या सातांमध्ये तापमान नाही, ही खंत आहे.

व्हिडिओवाल्या पोराला या पत्राची प्रत दिली आहे. त्यानं वाचून फोन केला. म्हणाला, काका, त्या बोअरला अजून पंप बसला नाही, मालक सबमर्सिबलच्या कोटेशनसाठी थांबलाय. मी म्हटलं, मग मालकाशी बोलायला मी येतो, भरायचं सिमेंट माझ्याकडनं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी अणुस्कुऱ्यानं उतरून आधी राजापूरला उन्हाळ्याचं पाणी मोजायचं, मग पुढं त्याच्या रिसॉर्टला, असं ठरलंय. सकाळी सहाला रंकाळा स्टँडवर. दोन गाड्यांत अजून सहा जणांची जागा आहे. थर्मामीटर ज्याचा त्यानं आणायचा, भडंग मी घेतोय.

आपला,
एक जुना गाडीवाला, कसबा बावडा, कोल्हापूर